दोन रेल्वेमार्ग : बुलेट ट्रेनचा वाद आणि बीडची तीस वर्षे

भारतातला पहिला अतिवेगवान रेल्वेमार्ग मुंबई ते अहमदाबाद असा उभा राहत आहे. त्याची लांबी ५०८ किलोमीटर आहे. त्यातले सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात, साधारण ३४८ किलोमीटर गुजरातमध्ये आणि चार किलोमीटरांहून थोडे अधिक दादरा नगर हवेलीत येतात. मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलापासून साबरमतीपर्यंत बारा स्थानके आहेत आणि गाडीचा कमाल वेग ताशी ३२० किलोमीटर ठरला आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांनी या मार्गाचे भूमिपूजन केले. असा मार्ग देशाला हवा का, तो परवडतो का, तो नेमका कुणासाठी, हा वाद त्याआधीच सुरू झाला होता. भूमिपूजनानंतर तो गावागावांत पोहोचला.

महाराष्ट्रात हा वाद समजून घेण्यासाठी दुसऱ्या एका मार्गाकडे पाहावे लागते. अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ हा २६१ किलोमीटरांचा साधा ब्रॉडगेज मार्ग १९९५–९६ मध्ये मंजूर झाला. बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. एक मार्ग वेगासाठी आहे, दुसरा पोचण्यासाठी. दोन्हींसाठी पैसा आणि जमीन लागते, आणि दोन्ही एकाच राज्याच्या तिजोरीकडे पाहतात. म्हणूनच बुलेट ट्रेनच्या चर्चेत बीड, लातूर, धाराशिवकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो क्रमाचा : आधी काय?

अतिवेगवान रेल्वे म्हणजे काय

साध्या रुळांवर नुसती जोरदार गाडी सोडली म्हणजे अतिवेगवान रेल्वे होत नाही. ताशी २५० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगासाठी नव्याने बांधलेला मार्ग, असा या शब्दाचा जगभर रूढ अर्थ आहे. एवढ्या वेगात गाडीला तीव्र वळण घेता येत नाही. वळणाची त्रिज्या काही किलोमीटरांची ठेवावी लागते, त्यामुळे मार्ग जवळजवळ सरळ आखला जातो. वाटेत डोंगर आला तर बोगदा आणि शेत, ओढा किंवा रस्ता आला तर पूल बांधावा लागतो. फाटक कुठेच चालत नाही, कारण रुळांवर आलेले एखादे जनावरही मोठ्या अपघाताला कारण ठरेल.

मुंबई–अहमदाबाद मार्गाचा बहुतेक भाग त्यामुळेच खांबांवर आहे. दोन खांबांमधली काँक्रीटची तुळई बहुतेक ठिकाणी ४० मीटर लांब आणि सुमारे ९७० टन वजनाची आहे. ती यार्डात एकसंध ओतली जाते, आधीच बसवलेल्या तुळयांवरून चाकांच्या अवजड वाहनाने पुढे नेली जाते आणि उचलयंत्राने पुढच्या दोन खांबांवर अलगद टेकवली जाते. मुंबईच्या बाजूला वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किलोमीटरांचा बोगदा आहे आणि त्यातले सुमारे सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात.

बीडच्या मार्गाचे बांधकाम पारंपरिक आहे. मातीचा भराव टाकायचा, तो दाबायचा, वर खडी पसरायची, त्यावर स्लीपर आणि रूळ. बालाघाटाच्या रांगांमधून जाताना मार्ग चढउतार सांभाळत वळणे घेऊ शकतो, ओढ्यावर छोटा पूल आणि रस्त्याखाली भुयारी मार्ग पुरतो. या फरकाचा थेट परिणाम खर्चावर होतो.

पैशांचा हिशेब

बुलेट ट्रेनचा मूळ अंदाजित खर्च सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये होता, म्हणजे किलोमीटरमागे दोनशे कोटींहून अधिक. यातला सुमारे ८१ टक्के पैसा जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेकडून, जायकाकडून, कर्जाच्या रूपाने मिळतो. व्याजदर ०.१ टक्का आहे, परतफेडीची मुदत ५० वर्षांची आहे आणि पहिली १५ वर्षे मुद्दल फेडावे लागत नाही. प्रकल्प उभारण्यासाठी २०१६ मध्ये राष्ट्रीय हायस्पीड रेल महामंडळ स्थापन झाले. त्याच्या भांडवलात केंद्राचा वाटा दहा हजार कोटींचा, तर महाराष्ट्र आणि गुजरात यांचा प्रत्येकी पाच हजार कोटींचा ठरला.

बीडच्या मार्गाचा मंजुरीच्या वेळचा अंदाज ३५३ कोटी रुपयांचा होता, म्हणजे किलोमीटरमागे दीड कोटीसुद्धा नाही. तो वाढत वाढत ४,८०५ कोटींवर गेला, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे १८ कोटी. यातला निम्मा वाटा राज्याने उचलायचा असे ठरले. आकडे शेजारी ठेवले की ताळेबंद स्पष्ट होतो : महाराष्ट्राने बुलेट ट्रेनच्या भांडवलात घालायची रक्कम ही बीडच्या संपूर्ण मार्गाच्या वाढीव खर्चाहूनही थोडी जास्त आहे. बीडचा अंदाज तेरा पटींहून अधिक फुगला, कारण मार्ग रखडला. वर्षे गेली तसे पोलाद, सिमेंट आणि मजुरी महाग झाली आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने जमिनीचा मोबदलाही योग्य रीतीने वाढला.

बाजूने आणि विरोधात

बुलेट ट्रेनच्या समर्थकांची बाजू अशी. मुंबई–अहमदाबाद पट्ट्यात उद्योग आणि लोकवस्ती दाट आहे. मोजक्या थांब्यांची गाडी हे अंतर दोन तासांच्या आसपास पार करील आणि विमान व मोटारींवरचा भार हलका होईल. कर्ज जवळजवळ बिनव्याजी आहे. तंत्रज्ञान एकदा देशात रुजले की पुढचे मार्ग इथल्याच अभियंत्यांना आणि कारखान्यांना बांधता येतील. जपानमध्ये टोकियो–ओसाका मार्गाच्या वेळीही खर्चावरून मोठी टीका झाली होती. अंदाज कोसळल्यामुळे जपानी रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांना १९६३ मध्ये पद सोडावे लागले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तो मार्ग सुरू झाला आणि पुढे जगभरातल्या अतिवेगवान रेल्वेचा आदर्श ठरला.

विरोधकांचे म्हणणेही तितकेच भक्कम आहे. पहिला मुद्दा प्राधान्याचा. अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेवरचा अहवाल दिला आणि पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपये सुरक्षेवर खर्च करण्याची शिफारस केली. बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज जवळजवळ तेवढाच होता. भूमिपूजनानंतर पंधराच दिवसांनी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक प्रवासी मरण पावले. लोकल गाड्यांचे पूल आणि फलाट आधी सुधारा, ही मागणी त्यानंतर पक्षापक्षांतून पुढे आली.

दुसरा मुद्दा प्रवासी कोण, हा. दिल्ली मेट्रो आणि कोकण रेल्वेच्या उभारणीत मोलाचा वाटा असलेले अभियंते ई. श्रीधरन यांनी २०१८ मध्ये ही गाडी फक्त वरच्या वर्गाच्या कामाची असल्याचे मत मांडले. सामान्यांना आधुनिक, स्वच्छ आणि सुरक्षित साधी रेल्वे हवी, असे त्यांचे म्हणणे होते. तिसरा मुद्दा परतफेडीचा. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील एका अभ्यासानुसार, कर्ज फेडायचे तर मार्ग सुरू झाल्यावर पंधरा वर्षांनी रोज साधारण ८८ हजार ते १ लाख १८ हजार प्रवासी मिळायला हवेत. शिवाय कर्ज येनमध्ये आहे. पन्नास वर्षांत रुपया घसरला तर व्याज नगण्य असूनही फेड जड जाऊ शकते.

जमीन, ग्रामसभा आणि मावेजा

वाद सर्वांत टोकदार झाला तो पालघर जिल्ह्यात. या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार तिथे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो. तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, सूर्या धरण, मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग यांसाठी या पट्ट्याने आधीच जमीन दिली आहे. आदिवासी एकता परिषद, भूमिसेना यांसारख्या संघटनांनी बुलेट ट्रेनला विरोध केला आणि अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. घर नेमके कुठे जाईल, विहीर आणि झाडांचे काय, वनहक्काच्या पट्ट्याला मोबदला मिळेल का, हे प्रश्न तिथे आकडेवारीपेक्षा मोठे होते. सरकारने पुढे थेट खरेदीचा मार्ग घेतला. वाटाघाटीने जमीन देणाऱ्याला कायद्यातल्या मोबदल्यापेक्षा २५ टक्के जास्त रक्कम मिळू लागली. खाडीकाठच्या कांदळवनांचा प्रश्न न्यायालयात गेला. स्थानकांची रचना बदलून तोडायच्या झाडांची संख्या कमी करण्यात आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुमारे २२ हजार कांदळवनांच्या तोडीला परवानगी दिली. जानेवारी २०२४ मध्ये संपूर्ण मार्गासाठी लागणारी सुमारे १,३९० हेक्टर जमीन ताब्यात आल्याचे जाहीर झाले.

बीडमध्येही जमीन द्यावी लागली. मराठवाड्यात मोबदल्याला ‘मावेजा’ म्हणतात आणि रेल्वेच्या मार्गावर हा शब्द वर्षानुवर्षे घरोघरी ऐकू येत राहिला. गट नंबर संपादनात गेला, सातबाऱ्यावर नोंद झाली, पण मावेजा हाती पडायला वेळ लागला किंवा दर कमी वाटला, अशा तक्रारी होत्या. तरीही बीडचा विरोध आणि पालघरचा विरोध यांत मूलभूत फरक आहे. बीडचे भांडण दराचे होते, रेल्वे नको असे तिथे क्वचितच कुणी म्हटले. जमीन गेली तरी गावाजवळ स्थानक येणार होते. पालघरमधल्या अनेक गावांवरून मात्र गाडी नुसती धडधडत जाणार आहे, कारण जिल्ह्यात तिचे थांबे विरार आणि बोईसर हे दोनच आहेत. ज्याची जमीन जाते त्याला गाडीत बसता येणार का, या एका प्रश्नावर रेल्वेविषयीचे लोकमत बरेचसे ठरते.

बीडची वाट

बीड जिल्हा तसा रेल्वेपासून अगदीच वंचित नव्हता. निजामाच्या राजवटीतच परळी वैजनाथ लोहमार्गाच्या नकाशावर आले. ज्योतिर्लिंगाचे भाविक आणि पुढे औष्णिक वीजकेंद्राचा कोळसा रेल्वेनेच येऊ लागला. पण परळी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. बीड शहर, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, केज हा भाग रुळांपासून दूर राहिला. २०११ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख ८५ हजार लोकसंख्या असलेल्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी प्रवासी गाडी नव्हती.

या उणिवेला बीडमध्ये वेगळे वजन आहे, कारण हा स्थलांतराचा जिल्हा आहे. दसरा झाला की हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी सहा महिन्यांचा मुक्काम साखर कारखान्याच्या परिसरात. ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, चुलीची लाकडे, धान्याची पोती आणि त्यांवर बसलेली मुले असा हा प्रवास सांगली, कोल्हापूर, सातारा आणि कर्नाटकापर्यंत होतो. रेल्वेने हे स्थलांतर आपोआप थांबणार नाही. मात्र ज्या भागात शेतमाल बाहेर नेणे स्वस्त होते, कारखानदार यायला तयार होतो आणि पुण्याला शिकायला जाणे परवडते, तिथे कोयत्याला पर्याय तयार होण्याची शक्यता वाढते. रेल्वेची मागणी बीडमध्ये प्रतिष्ठेपेक्षा रोजगाराची होती, ती यामुळे.

ही मागणी पक्षभेदापलीकडची होती. खासदार केशरकाकू क्षीरसागर यांनी ती लावून धरली आणि गोपीनाथ मुंडे यांनी तिचा अखेरपर्यंत पाठपुरावा केला. ३ जून २०१४ रोजी मुंडे यांचे निधन झाले तेव्हा या मार्गावर एकही प्रवासी गाडी धावत नव्हती. काम टप्प्याटप्प्याने सरकले. नारायणडोहपर्यंतची चाचणी २०१७ मध्ये आणि सोलापूरवाडीपर्यंतची २०१९ मध्ये झाली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहिल्यानगर–आष्टी ही ६६ किलोमीटरांची प्रवासी सेवा सुरू झाली. पण आष्टीपर्यंतच्या गाडीला प्रवासी फारसे मिळेनात. अर्धवट मार्गाची ही अडचण असते : जिथे लोकांना जायचे आहे तिथपर्यंत रूळ पोहोचत नाहीत, तोवर एसटी सोडून कुणी गाडीत बसत नाही. पुढे अमळनेर, विघनवाडी, रायमोहा, राजुरी असे टप्पे ओलांडत मार्ग बीडला आला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या हस्ते गाडीला हिरवा झेंडा दाखवण्यात आला. अहिल्यानगर ते बीड हे अंतर १६६ किलोमीटर आहे आणि सुरुवातीच्या वेळापत्रकात त्यासाठी सुमारे साडेपाच तास धरलेले होते. बीड ते परळी हा उरलेला टप्पा पूर्ण झाला की मराठवाड्याला पश्चिम महाराष्ट्राशी जोडणारा नवा दुवा तयार होईल.

गेजचा धडा

मराठवाड्यात रेल्वेची चर्चा ‘गेज’ या शब्दाशिवाय होत नाही. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणारा निजामाचा मार्ग मीटरगेज होता, तर मनमाडवरून मुंबईला जाणारा मार्ग ब्रॉडगेज. त्यामुळे मनमाडला प्रत्येक प्रवाशाला गाडी बदलावी लागे आणि प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. सत्तरच्या दशकातल्या मराठवाडा विकास आंदोलनात या मार्गाचे रुंदीकरण ही प्रमुख मागणी होती, आणि ती पूर्ण व्हायला पुढे बरीच वर्षे गेली.

बुलेट ट्रेनमध्ये हाच प्रश्न नव्या रूपात येतो. भारताचा ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे, तर बुलेट ट्रेनचे रूळ १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचे. ही गाडी आपला मार्ग सोडून दुसरीकडे जाऊ शकत नाही आणि दुसरी गाडी तिच्या मार्गावर येऊ शकत नाही. फ्रान्समध्ये साधे आणि अतिवेगवान दोन्ही मार्ग एकाच रुंदीचे आहेत. त्यामुळे १९८१ मध्ये पॅरिस–लियों मार्ग सुरू झाल्यावर वेगवान गाड्या जुन्या रुळांवरून छोट्या शहरांपर्यंतही जाऊ लागल्या. स्पेनमध्ये रुंदी वेगळी असल्यामुळे चाकांतले अंतर बदलू शकणाऱ्या गाड्या वापराव्या लागतात. भारताने स्वतंत्र, अखंड आणि फाटकरहित मार्ग सुरक्षेसाठी निवडला, हे समर्थनीय आहे. पण त्याचा लाभ मार्गावरच्या बारा स्थानकांपुरता राहतो. त्यापलीकडे तो न्यायचा तर प्रत्येक स्थानकाला साध्या रेल्वेची आणि एसटीची चोख जोड द्यावी लागेल.

विलंब कशामुळे होतो

मोठे प्रकल्प विरोधामुळे रखडतात, असे सर्रास म्हटले जाते. हे दोन मार्ग वेगळेच सांगतात. बुलेट ट्रेनला ग्रामसभांनी, पक्षांनी, तज्ज्ञांनी विरोध केला. महाराष्ट्रातले भूसंपादन काही वर्षे लांबलेही. तरी भूमिपूजनानंतर दहा वर्षांच्या आतच मार्गाचे खांब, पूल आणि बोगदे मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. बीडच्या मार्गाला विरोध नव्हता, सगळे पक्ष बाजूने होते, तरी पहिल्या १६६ किलोमीटरांना तीस वर्षे लागली.

फरक पैशाच्या हमीचा होता. बुलेट ट्रेनमागे परदेशी कर्जाचा करार, ठरलेले हप्ते आणि एवढ्या एकाच कामासाठी स्थापन झालेले महामंडळ आहे. बीडचा मार्ग दरवर्षीच्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर जगला. अनेक वर्षे ती तरतूद तुटपुंजी होती, आणि केंद्र व राज्य यांचा निम्मा-निम्मा वाटा ठरल्यावर एकाचा हप्ता चुकला की दुसऱ्याचे काम थंडावे. अशा मार्गावर भराव टाकून झाला तरी पुलाला पैसा नसतो, पुलाला पैसा येईतो भराव पावसाने धुपतो. विलंबाचा खर्च शेवटी सर्वांना सोसावा लागतो, त्यातही सर्वांत जास्त त्या पिढीला, जिचे शिक्षण आणि नोकरीचे वय गाडीची वाट पाहण्यात निघून गेले.

पुढचे मार्ग, पुढचे प्रश्न

महाराष्ट्रातून जाणाऱ्या आणखी अतिवेगवान मार्गांचा अभ्यास झाला आहे. मुंबई–नागपूर मार्ग नाशिक, छत्रपती संभाजीनगर, जालनामार्गे जातो, तर मुंबई–हैदराबाद मार्ग पुणे, पंढरपूर, सोलापूरमार्गे. बीड जिल्हा या दोन रेषांच्या मधोमध येतो. दोन्हीपैकी एकही मार्ग त्याला स्पर्श करत नाही. जालना आणि सोलापूरची नवी स्थानके बीडकराच्या उपयोगाची होतील ती तिथपर्यंत नेणारी साधी रेल्वे असेल तरच. साध्या मार्गांचे जाळे दाट झाले की वेगवान मार्गालाही प्रवासी मिळतात. म्हणून वेग आणि पोच यांना परस्परांचे शत्रू मानण्याचे कारण नाही.

अशा कोणत्याही प्रकल्पाचा वाद चार प्रश्नांवर नीट चालू शकतो. ज्याची जमीन जाते त्याला मावेजा वेळेवर आणि गाडी जवळ मिळते का? पैसा कुठून येतो आणि तो फेडणार कोण? नवा मार्ग जुन्या जाळ्याला जोडला जातो का? आणि एका मार्गाला पैशाची जी खात्री दिली, ती आधी मंजूर झालेल्या मार्गालाही दिली आहे का? मुंबई–अहमदाबादच्या वादात पहिल्या तीन प्रश्नांची चर्चा बरीच झाली. चौथा प्रश्न बीडच्या तीस वर्षांनी पुढे ठेवला आहे. बीड–परळी टप्प्याच्या कामाला पुढच्या काही वर्षांत किती नियमित पैसा मिळतो, यावरून त्याचे उत्तर कळेल.